वजनाचा भरोसा किती धरावा?

आमच्या पुण्याच्या कापडबाजारात एक समज फार जुना आहे. माल आणायला निघालेला व्यापारी आपली लहान मोटार घरी ठेवतो आणि येताना मालाच्या ट्रकमध्ये उस्तादाच्या शेजारी बसून येतो. विचारले तर सांगतो, "भाई, रात्रीचा रस्ता आहे. त्या डबीसारख्या मोटारीपेक्षा ट्रक बरा. ठोकर झालीच तर समोरच्याचे जाईल, आपले काय जाणार?" ज्याची ऐपत वाढली तो हाच हिशोब पुढे नेतो आणि लहान मोटार विकून जीपच्या घाटाची मोठी गाडी घेतो. कारागीर बांधवांकडे मोटारच नसते. ते लग्नकार्याला बायकामुलांसह टेम्पोत बसतात, आणि मोटारसायकलवर चौघे बसण्यापेक्षा हे बरे, असे त्यांना वाटते.

हा समज अर्धा खरा आहे आणि अर्धा खोटा. खोट्या भागापायी माणसे जिवाला मुकतात हे तर आहेच. पण जो भाग खरा आहे तोही समाधान मानण्यासारखा नाही, असे आमचे मत आहे. आम्ही इंजिनियर नाही. कापडाच्या धंद्यात आयुष्य गेले, तेव्हा हा विषय आम्ही तागडीच्या हिशोबाने समजून घेतला, आणि तसाच वाचक बंधूंपुढे ठेवतो.

टकरीत माणूस मरतो तो गाडीच्या वेगाने नव्हे, तर वेग एकाएकी बदलल्याने. गाडी थांबते, शरीर थांबत नाही. ते पुढे जाऊन स्टिअरिंगवर, काचेवर आपटते, आणि शरीराच्या आत काळीज आणि मेंदू आपटतात. म्हणून टकरीत कोणाचा वेग किती बदलला, हा खरा हिशोब.

आता धरा की १ टनाची लहान मोटार ताशी ६० किलोमीटरने येत आहे आणि समोरून २५ टनांचा भरलेला दहाचाकी ट्रक तेवढ्याच वेगाने येत आहे. दोन्ही समोरासमोर धडकून एकमेकांत अडकले, तर तो सगळा गोळा ट्रकच्याच दिशेने ताशी सुमारे ५५ च्या वेगाने पुढे जातो. म्हणजे ट्रकवाल्याचा वेग ६० वरून ५५ वर आला. जोराचा ब्रेक दाबावा तेवढाच त्याला हिसका. मोटारवाल्याचे मात्र पुढचे ६० गेले आणि वर उलटे ५५ आले. त्याच्या शरीराने क्षणार्धात ताशी ११५ किलोमीटरचा फरक सोसला. ट्रकऐवजी ५ टनांचा भरलेला टेम्पो घेतला तरी मोटारवाल्याच्या वाट्याला १०० येतात आणि टेम्पोवाल्याला २०. दोन मोटारींतही हेच गणित लागते. २ टनांची मोठी गाडी आणि १ टनाची लहान गाडी समोरासमोर आली, तर मोठीला ४० आणि लहानीला ८०.

इथे व्यापाऱ्याच्या एक गोष्ट लगेच ध्यानात येईल. वजनदार गाडीत बसणाऱ्याचा जो फायदा झाला, तो आकाशातून पडलेला नाही. तो समोरच्याच्या खात्यातून वजा झालेला आहे. दोघांची मिळून बेरीज सगळीकडे १२० च आहे. फक्त वाटणी वजनाच्या उलट्या प्रमाणात होते. समोरच्याचे जाईल, असे आमचा व्यापारी बंधू सहज बोलून जातो, त्याचा अक्षरशः अर्थ हा आहे.

२३ डिसेंबर २०१२ रोजी पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे हे दोन अभिनेते लहान मोटारीतून जात असता पलीकडच्या मार्गिकेवरचा टेम्पो दुभाजक ओलांडून त्यांच्यावर आला. दोघेही गेले, पेंडसे यांचा लहानगा मुलगाही गेला. त्यानंतर या रस्त्याच्या मधोमध तारेच्या दोरांचे अडथळे बसवण्याची मागणी जोरात झाली आणि ते काम झाले. समोरासमोरची टक्कर होऊच न देणे, हा लहान गाडीवाल्यासाठी सर्वांत मोठा बचाव आहे. तो गाडीच्या कारखान्यात मिळत नाही, रस्ता बांधणाऱ्याच्या हातात असतो.

कोणी म्हणेल, आता लहान मोटारीही मजबूत येतात, त्यांना तारे मिळतात. हे खरे आहे. २०१४ च्या आरंभी ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच लहान मोटारी आदळून पाहिल्या, तेव्हा पाचहींना मोठ्यांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले होते. त्यानंतर हवा बदलली. २०१८ साली आमच्या महाराष्ट्रातच तयार होणाऱ्या टाटा नेक्सॉनला पाच तारे मिळाले, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपल्या देशाची परीक्षा सुरू झाली. गाड्यांची तपासणी करणारी एआरएआय ही मोठी संस्था तर आमच्या कोथरूडच्या टेकडीवर १९६६ पासून उभी आहे. गाडी घेताना तारे जरूर पाहावेत.

पण ताऱ्यांचा अर्थ नीट समजून घ्यावा. समोरच्या टकरीच्या परीक्षेत गाडी ताशी ६४ किलोमीटरने एका स्थिर अडथळ्यावर आदळवतात. त्या अडथळ्याचा पुढचा भाग दबणारा असतो, म्हणजे जणू आपल्याच वजनाच्या दुसऱ्या गाडीशी टक्कर. लहान गाडीचे पाच तारे आणि मोठ्या गाडीचे पाच तारे एका तागडीत टाकता येत नाहीत. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या रस्ता सुरक्षा संस्थेने २००९ साली हे डोळ्यांनी दाखवून दिले. अडथळ्याच्या परीक्षेत चांगल्या ठरलेल्या तीन लहान मोटारी त्यांनी त्याच त्या कंपन्यांच्या मध्यम मोटारींवर समोरासमोर आदळवल्या. तिन्ही लहान मोटारी नापास झाल्या. समोर ट्रक नव्हता, फक्त थोडी मोठी मोटार होती.

तेव्हा मोटार विरुद्ध ट्रक, या एका प्रश्नाचे उत्तर निर्विवाद आहे. त्याच अमेरिकेत मोठ्या ट्रकांशी संबंधित अपघातांत मरणाऱ्यांपैकी साधारण दोन तृतीयांश माणसे समोरच्या मोटारींतील असतात आणि ट्रकमधील एकूण सहाव्या हिश्शाच्या आसपास. फक्त एक मोटार आणि एक ट्रक असे अपघात वेगळे काढले, तर मेलेल्या शंभरांतील पंच्याण्णवांहून जास्त मोटारीतले निघतात.

केबिन म्हणजे किल्ला नव्हे

आता खोटा भाग. वर सांगितलेला ट्रकचा सगळा फायदा समोर हलकी गाडी आली तरच आहे. पुलाचा खांब, वडाचे झाड, डोंगराची कपार यांना ट्रकच्या वजनाची काय पर्वा? खांबाला ताशी ६० ने धडकलेल्या मोटारीचे ६० जातात आणि ट्रकचेही ६० च जातात. उलट इथे वजन शत्रू होते. मोटारीच्या नाकाला एका टनाचा जोर जिरवायचा असतो, ट्रकच्या नाकाला पंचवीस टनांचा. आणि ट्रकला नाक असते कुठे? पूर्वीच्या बॉनेटवाल्या गाड्या गेल्या. आजच्या ट्रकमध्ये इंजिन खाली आणि चालक वर, थेट काचेमागे बसतो. मोटारीत पुढचा भाग चुरगळून धक्का खातो म्हणून माणूस वाचतो. इथे माणसाच्या गुडघ्यांपुढे पत्रा आणि काच एवढेच.

त्यातही आपल्या देशात वर्षानुवर्षे कंपनीकडून नुसती चेसिस घ्यायची आणि केबिन गावच्या कारखान्यात लाकूड-पत्र्याची बांधायची, असा रिवाज होता. दिसायला देखणी, आरसे-झालरी लावलेली, पण उलटली की काड्यापेटी. कंपनीची तयार लोखंडी केबिन आता वाढली आहे, ही चांगली गोष्ट. जुन्या गाड्या मात्र अजून रस्त्यावर आहेत, आणि आपला माल स्वस्त भाड्यात बहुधा त्यातूनच येतो.

ट्रक उंच असल्यामुळे उलटतोही लवकर. घाटाच्या वळणावर भरलेल्या गाठी एका अंगाला सरकल्या की उस्तादाच्या हातात काही राहत नाही. मागे लोखंडी पाइप किंवा पत्र्याची रीळे असतील तर ब्रेक लागताच ती केबिन फोडून आत येतात. कापडाच्या गाठी तशा भोसकत नाहीत, एवढेच आमच्या धंद्याचे नशीब.

ही केवळ कल्पना नव्हे. केंद्र सरकारच्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीवरचे सुमारे ७५ हजार, पायी चालणारे सुमारे ३३ हजार, मोटारी-टॅक्सींतले सुमारे २१ हजार. आणि ट्रकमध्ये बसलेले? दहा हजारांहून जास्त. मोटारींच्या मानाने देशात ट्रक किती थोडे आहेत ते पाहा, जरी ते धावतात पुष्कळ. ज्या गाडीला आपण किल्ला समजतो, तिच्यात एका वर्षात दहा हजार जनाजे आणि अर्थ्या निघाल्या. हे बहुतेक चालक आणि क्लीनर होते. त्यांच्यात आपल्या समाजातील गरीब तरुण किती असतात, हे ट्रान्सपोर्टच्या कोणत्याही गोदामावर जाऊन पाहावे.

नवले पुलाचा उतार

पुणेकरांना दूरचे दाखले नकोत. इचलकरंजीचा आणि कर्नाटकातला माल सातारा रस्त्याने येतो, खंबाटकी उतरतो, कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडतो आणि तिथून नऱ्ह्याच्या नवले पुलापर्यंत सलग उतार लागतो. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करून, काही वेळा इंजिनच बंद करून, हा उतार उतरण्याची खोड चालकांना लागलेली आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एक अवजड वाहन या उतारावर सुटले आणि पुढच्या गाड्या चेपत गेले. पहिल्या बातम्यांत ४८ गाड्यांचा आकडा होता, मागाहून पोलिसांनी २४ सांगितला. अनेक जखमी झाले, पण कोणी दगावले नाही. ब्रेक निकामी झाले नव्हते, उतारावर इंजिन बंद ठेवले होते, असे प्राथमिक तपासात पुढे आले.

१३ नोव्हेंबर २०२५ ला तसे नशीब नव्हते. साताऱ्याकडून येणारा ट्रक याच उतारावर सुटला, वाटेतील वाहनांना उडवत गेला, आणि एक मोटार पुढच्या व मागच्या अवजड वाहनांच्या मध्ये सापडली. आग लागली. आठ जण मेले. मोटारीतील माणसे गेली, आणि धडक देणाऱ्या ट्रकचा चालक व क्लीनर हेही गेले. मोटारीशी झालेल्या टकरीत ट्रकचे वजन त्या दोघांना तारू शकले असते; पण पुढे मोटारीपलीकडे दुसरे तसेच वजन उभे होते.

इंजिन बंद करून उतरणे इतके वाईट का, हे आम्ही एका जुन्या मेकॅनिककडून समजून घेतले. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर भरतो. इंजिन बंद, तर हवा भरणे बंद. चार-सहा वेळा ब्रेक मारला की टाकी रिकामी होत जाते. पॉवर स्टिअरिंगही जड होते. गाडी गेअरमध्ये असली तर इंजिनच तिला मागे ओढून धरते. न्यूट्रलमध्ये तो सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो, ते तापतात, आणि तापलेला लायनर पकडत नाही. म्हणून घाट ज्या गेअरने चढावा त्याच गेअरने उतरावा, असे जुने उस्ताद सांगतात.

आता यात व्यापाऱ्याचा काय संबंध? पुष्कळ आहे. ब्रेकला जिरवायची उष्णता मालाच्या वजनाबरोबर वाढते. २०१८ साली सरकारने ट्रकची वजनमर्यादा आधीच वाढवून दिली. दहाचाकी गाडीचे गाडीसह एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टन झाले. त्याच्याही वर आम्ही 'दोन गाठी टाक रे, काय होतंय' म्हणतो. मर्यादेबाहेरच्या मालाला २० हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, असा २०१९ च्या दुरुस्तीपासून कायदा आहे. तो दंड भाड्यात धरूनच सौदे होतात, हे बाजारात कोणाला ठाऊक नाही? दुसरे, सणाच्या तोंडावर 'रातोरात माल पोहोचला पाहिजे' असा फोन आपण करतो. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ चा होता. त्यात चालकाचे काम दिवसाला ८ तास सांगितले होते. सुरतहून पुणे चारशे किलोमीटर. भरणी, जकातीची कटकट गेली तरी रांगा, घाट, उतराई हे सगळे धरून एकट्या चालकाचे आठ तास कुठल्या कुठे संपतात. डिझेल वाचवण्याची खोडही भाडे इतके घासून ठरवल्यामुळेच लागते. उस्तादाला दोष देण्याआधी हे आपल्या वहीत लिहून पाहावे.

मोठी मोटार घेणाऱ्यांसाठी

जीपच्या घाटाच्या गाडीबद्दल थोडक्यात सांगतो. लहान मोटारीशी टक्कर झाली तर तिचा फायदा आहे, हे वर आले. ट्रकपुढे दोन टन काय आणि एक टन काय? २५ टनांच्या ट्रकशी समोरासमोर ६० च्या वेगाने टक्कर झाली तर लहानीला ११५, मोठीला १११. विनायक मेटे यांचा १४ ऑगस्ट २०२२ रोजी पहाटे द्रुतगती मार्गावर माडप बोगद्याजवळ मृत्यू झाला, तेव्हा त्यांची गाडी मोठीच होती. ती पुढच्या अवजड वाहनावर आदळली. ट्रकच्या मागच्या अंगाला मोटार त्याच्या खाली शिरू नये म्हणून लोखंडी आडवी पट्टी असावी लागते. पुष्कळ जुन्या गाड्यांना ती वाकलेली, गंजलेली किंवा नुसती नावाला असते. ती पट्टी आणि लाल चकाकणारी टेप आपला माल वाहणाऱ्या गाडीला आहे का, एवढे पाहायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

त्याच वर्षी ४ सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर सायरस मिस्त्री यांची गाडी आदळली. महागडी, भक्कम गाडी. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी होऊन वाचले. मागे बसलेले दोघे गेले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असे तपासात निघाले. गोपीनाथ मुंडे ३ जून २०१४ ला दिल्लीत मागच्या सीटवरच होते, पट्टा नव्हता, आणि धडक देणारी गाडी ट्रक नव्हे, लहान मोटार होती. लाखो रुपये जादा मोजून गाडीचे एक टन वजन वाढवणारा माणूस मागच्या सीटचा पट्टा गादीखाली खोचून ठेवतो, याला काय म्हणावे? हेच ट्रकच्या केबिनलाही लागू आहे. उलटणाऱ्या ट्रकमधून बाहेर फेकला गेलेला माणूस आपल्याच गाडीखाली सापडतो. पट्टा असेल तर तो निदान जागेवर राहतो.

मोटारीच्या मागच्या सीटवर तागे आणि गाठोडी टाकून फेरीला निघणाऱ्या बांधवांनी एक हिशोब ध्यानात ठेवावा. ताशी ५० ने जाणारी गाडी आदळून हातभर अंतरात थांबली, तर मागचे ४० किलोचे गाठोडे पुढच्या माणसाच्या पाठीवर अर्ध्या टनाहून जास्त जोराने येते. ते दोरीने बांधलेले असावे, आणि शक्यतो खाली, सीटच्या पाठीला टेकून ठेवलेले असावे. छोटा हत्ती वापरणाऱ्यांनी तर त्याच्या नावावर जाऊ नये. भरून दीड-दोन टनांची ती गाडी आहे, मोठ्या ट्रकपुढे तिची आणि लहान मोटारीची अवस्था एकच, आणि चालकापुढे नाक तिलाही नाही.

शेवटी विम्याची गोष्ट, कारण घरच्यांवर मागाहून येते ती हीच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४७ मध्ये १९९४ साली दुरुस्ती होऊन मालाच्या गाडीतून जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी सक्तीच्या विम्याखाली आला. पण फक्त तोच. बाकी प्रवाशांचे काय, यावर सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी खटल्यात सांगून टाकले की मालगाडीत बसलेल्या इतर प्रवाशांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही. मालकानेही मालाबरोबर केबिनमध्ये बसलेले असावे, मागे गाठींवर नव्हे, अशी न्यायालयांची भूमिका राहिली आहे. म्हणजे माल आणायला गेलेला व्यापारी येताना ट्रकमध्ये बसला तर त्याच्या नावाची बिल्टी आणि बिल हवे, आणि त्याची एक प्रत घरी किंवा दुकानात असावी, कारण अपघातात खिशातला कागद राहत नाही. माल उतरवून रिकाम्या गाडीने परत निघालेला व्यापारी मालाचा मालक आहे हे सिद्ध करणे वारसांना जड जाते, त्याने एस.टी.ने यावे. मुलाला किंवा नोकराला पाठवले असेल तर दोन ओळींचे अधिकारपत्र लिहून द्यावे. आणि लग्नाला टेम्पोत बसवलेली वीस-पंचवीस माणसे कायद्याच्या लेखी कोणत्याच मालाचे मालक नसतात. त्यांच्या वारसांना मग टेम्पोच्या मालकाकडून वसूल करावे लागते, आणि एका टेम्पोच्या हप्त्यांवर घर चालवणाऱ्या त्या माणसाकडे काय सापडणार?